मैदान मोकळं नव्हतं

दुर्गा मोहुर्ले गावात आवाजावर ओळखली जायची. सावली तालुक्यात, वैनगंगेच्या काठाला तिचं गाव. घर गावाच्या एका टोकाला आणि वडलांचं, मुखरूभाऊंचं, धानाचं शेत दुसऱ्या टोकाला. भात शिजला की आई मनकर्णाबाई म्हणायची, "दुर्गे, बाबाले आवाज दे." दुर्गा अंगणात उभी राहून जी हाक मारायची, ती ऐकून शेजारपाजारचे बापही शेतातून जेवायला निघायचे, असं गावात अजून सांगतात.

ही पोरगी पुढे ब्रह्मपुरीच्या कॉलेजात गेली आणि कबड्डीत चमकली. अंगानं काटक, पायानं चपळ. विद्यापीठाच्या संघातून खेळली. मग या भागातली खेळणारी बहुतेक पोरं करतात तेच तिनं केलं. पोलीस भरतीच्या मागे लागली. पहाटे रस्त्यानं धावायचं, दुपारी अभ्यासिकेत बसायचं, संध्याकाळी पुन्हा मैदान. सरावात ती सगळ्या मुलींच्या पुढे असायची, पण भरतीच्या मैदानावर धावायची वेळच आली नाही. उंचीत बोटभर कमी पडली. मोजणाऱ्या बाईंनी तिला टाचा टेकवायला सांगून पुन्हा मोजलं, जरा हळहळल्या आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

गावी परत जायचं तिच्या जिवावर आलं. तिनं ब्रह्मपुरीतली खोली सोडली नाही, एका खाजगी शाळेत पीटी शिकवू लागली. बारावी झाल्यावर धाकटा भाऊ प्रणित तिच्याकडे राहायला आला, तोही भरतीच्याच तयारीला. त्याला उंचीची काळजी नव्हती. खोलीच्या दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागायची. दुर्गा त्याला रोज पहाटे उठवायची, सायकलवरून त्याच्या मागे जायची आणि ओरडायची, "खांदे ढिले सोड! समोर पाह, जमिनीकडे काय पाहतं?" आपलं राहिलेलं आता याच्यात पुरं होणार, हे ती कधी बोलली नाही. पण घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

फैज तिच्या कॉलेजातला. त्याच्या वडलांचं, फारूकभाईंचं, बाजारात हार्डवेअरचं दुकान. फैज शिकायला हैदराबादला गेला, तिथून एक खेळ शिकून आला आणि दुकानात बसण्याऐवजी त्यानं ब्रह्मपुरीबाहेर रुळाच्या बाजूची एक बंद पडलेली धान गिरणी भाड्यानं घेतली. या खेळाला एअरसॉफ्ट म्हणतात. दोन गट करायचे, हातात खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका घ्यायच्या, आडोसे धरत एकमेकांना टिपायचं. बंदुकीतून लाखोळीच्या, म्हणजे बारीक वाटाण्याच्या, दाण्याएवढा प्लास्टिकचा छर्रा सुटतो. अंगावर लागला तर चिमटा काढल्यासारखं होतं, कपड्यावर तर नीट कळतही नाही. ज्याला लागेल त्यानं स्वतःच हात वर करून "लागली" म्हणायचं आणि बाहेर पडायचं. सगळा खेळ इमानावर. धोका एकाच ठिकाणी, डोळ्याला.

फैज एकदा शाळेच्या मैदानावर येऊन दुर्गाला म्हणाला, "दुर्गा, मले पंच पाहिजे. पोरं ज्याचं ऐकतील असा. तुझ्यासिवाय कोणी दिसून नाई राह्यला."

"मी बंदूक कधी हातात नाई धरली, फैज."

"धरू नको ना. शिट्टी धर."

तिनं रविवारची शिट्टी धरली. आधी तिला हे सगळं पोरखेळ वाटलं, पण कबड्डीत वाढलेल्या बाईला नियमाची आवड असतेच. फैजनं हैदराबादेहून आणलेले नियम तिनं पाठ केले आणि स्वतःचे दोनचार वाढवले. फाटकाच्या आत पाय टाकायचा तो गॉगल लावूनच. गॉगल उतरवायचा तो फक्त टिनाच्या शेडमध्ये, जिथे बंदूक न्यायची नाही. काचेवर वाफ धरली, काही दिसेनासं झालं, तर तिथल्या तिथे खाली बसून हात वर करायचा. मग ती शिट्टी मारून खेळ थांबवणार आणि त्याला हाताला धरून शेडमध्ये नेणार. गॉगल उचलून पुसायचा नाही. एका मुलानं पुसला तर त्याला तिनं पूर्ण महिनाभर आत घेतलं नव्हतं. जुन्या साड्यांच्या काठांच्या छोट्या पिशव्या शिवून तिनं सगळ्या बंदुकांच्या नळ्यांना घातल्या होत्या. पोरं त्याला टोपडं म्हणायची. खेळ संपला की आधी छर्ऱ्यांचा डबा काढायचा, रेतीच्या बादलीत एकदा झाडून नळी रिकामी करायची, टोपडं घालायचं. आणि बंदूक पिशवीत बंद केल्याशिवाय फाटकाबाहेर न्यायची नाही. "हा भाग नक्षल्यायच्या बाजूचा आहे, तुमाले मालूम आहे," ती दरवेळी सांगायची. "दुरून पाहणाऱ्याले खरी का खोटी ते समजत नाई. मंग तुमीच नाई तर तुमच्या मायबापानं भोगावं."

सगळ्यात शेवटी तिचं स्वतःचं एक काम असायचं. लांब शिट्टी झाल्यावर खेळणारे सगळे चुन्याच्या रेघेवर येऊन उभे राहायचे. दुर्गा एकेकाचं टोपडं हातानं चाचपायची, कोणी मागे राहिलंय का ते पाहायची आणि मग ओरडायची, "मैदान मोकळं!" ते ऐकू येईपर्यंत कोणालाही आत सोडायचं नाही. एकदा खुद्द फारूकभाई पाहायला आले होते, तर त्यांनाही तिनं फाटकाशी उभं ठेवलं. ते रागावले नाहीत. घरी जाऊन बायकोला, हाजराभाभींना, म्हणाले, "पोरगी पक्की आहे."

खेळायला येणाऱ्यांत उर्वशी नावाची एक मुलगी होती. एटापल्लीकडची, ब्रह्मपुरीला होस्टेलवर राहून बीएस्सी करणारी. बोलायला मोजकी. इतर पोरं आरडाओरडा करत धावायची आणि लवकर बाद व्हायची. उर्वशी एका जागी हलायची नाही, डाव संपेपर्यंत दबा धरून बसायची आणि बहुधा शेवटी तीच उरायची. दुर्गाला ती फार आवडायची. गिरणीत धान भिजवायचे जुने सिमेंटचे हौद होते, कोरडे पडलेले, त्यातल्या मागच्या हौदात उर्वशीची ठरलेली जागा.

तो भाद्रपदातला रविवार होता. ऊन चटकत होतं आणि हवेत ओल. सगळ्यांचे गॉगल सारखे वाफाळत होते, दुर्गाला खेळ पुन्हा पुन्हा थांबवावा लागला होता. शेवटचा डाव चालू असताना फाटकाशी प्रणित दिसला. हातात मिठाईचा डबा. भरतीची यादी लागणार, लागणार म्हणून घरात कोणाचं कशात लक्ष नव्हतं. त्याचा चेहरा पाहिल्याबरोबर तिला कळलं.

"ताई!" त्यानं डबा डोक्यावर धरून हलवला. "नाव आलं! आता फक्त मेडिकल!"

दुर्गानं शिट्टी तोंडात घातली आणि होता नव्हता तेवढा श्वास फुंकला. डाव अर्धा राहिला होता, पण त्या क्षणी तिला डावाचं काय! नेमकी त्याच वेळी रुळावरून मालगाडी चालली होती, भोंगा देत. जवळचे खेळणारे हात वर करून उठले, रेघेकडे येऊ लागले. दुर्गानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं दोन्ही हात पसरले आणि भावाला हाक मारली.

"ये, ये! खेळ संपला!"

प्रणित धावत निघाला. सरळ वाटेनं न येता भुशाच्या ढिगांमधून आडवा आला, उड्या मारत, डबा छातीशी धरून. मागच्या हौदात बसलेल्या उर्वशीला शिट्टी ऐकू गेली नव्हती. तिला ढिगाआडून एक उंच आकृती धावताना दिसली. हात वर नाही, तोंडानं "लागली" नाही. तिनं खेळाच्या नियमानं जे करायचं ते केलं.

आवाज कसला, काडी मोडल्यासारखा. प्रणितच्या हातातून डबा पडला आणि तो उजव्या डोळ्यावर तळवा दाबून मटकन खाली बसला.

दुर्गा त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा तो हसत होता. "काई नाई, काई नाई. पेढे गेले ना वं ताई."

"हात काढ. पाहू दे."

डोळा लाल झाला होता आणि पाणी गळत होतं. त्याला विचारलं, काय दिसतं. म्हणाला, धुरातून पाहिल्यावाणी दिसते. उर्वशी हौदातून बाहेर आली होती, बंदुकीला टोपडं घालून. फैज गाडीची चावी हातात घेऊनच धावत आला.

"चल. डोळ्याच्या डॉक्टरकडे. आत्ताच्या आत्ता."

प्रणितनं मान हलवली. "नाई. दवाखान्यात नाई."

"पागल झाला का? डोळा आहे तो."

"फैजभाई, मेडिकल आहे माझं. दवाखान्याच्या कागदावर डोळ्याले मार लागला म्हणून आलं, का खतम. ते पाहतच बसले राहतात, काय कमी सापडते म्हणून. दोन दिवसात बरं होऊन जाते हे." मग त्यानं बहिणीकडे पाहिलं. "ताई, सांग ना याले."

दुर्गाला दोन गोष्टी एकदम दिसल्या असतील. एक तो लाल डोळा, आणि दुसरी ती उंची मोजणारी बाई. ती फैजला म्हणाली, "राहू दे. माझा भाऊ आहे. मी पाहून घेईन."

फैज तिला बाजूला घेऊन पुन्हा बोलला. म्हणाला, पोलीस केस झाली तर मी पाहतो, मैदान बंद पडलं तर पडू दे, याला घेऊन चल. ती ऐकेना. औषधाच्या दुकानातून तिनं थेंब आणले, थंड पाण्याची पट्टी ठेवली. उर्वशीचा संध्याकाळी फोन आला तेव्हा दुर्गानं सांगितलं, "काई झालं नाई त्याले. बरा आहे. तू अभ्यास कर."

पुढचे दोन दिवस डोळा खरंच निवळल्यासारखा वाटला. डावा डोळा झाकून प्रणित भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचून दाखवायचा. मोठे आकडे यायचे, बारीक तिथी यायच्या नाहीत. "कालच्यापेक्षा बरं दिसते," म्हणायचा. बुबुळाच्या खालच्या बाजूला रक्ताची एक बारीक रेघ साचलेली होती, ती दुर्गाला दिसली होती. उतरेल हळूहळू, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. गावाहून आईचा फोन आला. गावातल्या पोरांनी चौकात प्रणितच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावला होता, अभिनंदनाचा. मनकर्णाबाई हसत होती आणि रडत होती. "बाबा तिथूनच जातात येतात आता, वावरात जायची दुसरी वाट सोडली त्यायनं," ती म्हणाली. दुर्गा त्या फोनवर फक्त हो हो म्हणत राहिली.

त्यानंतरच्या पहाटे तिला जाग होती. अंधारात प्रणित बुटाच्या नाड्या बांधत असल्याचा आवाज येत होता. नको जाऊ म्हणावं, असं तिच्या मनात आलं. पण यादी लागल्यापासून तो खोलीतच बसून होता, उदास दिसत होता. तिला वाटलं, जाऊ दे, धावून आला का मन हलकं होईल. ती काही बोलली नाही. कूस बदलून पडून राहिली.

तो अर्ध्या वाटेवरून परत आला. कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून, डोकं दोन्ही हातांनी धरलेलं. दारातच उलटी झाली. दुर्गानं दिवा लावून पाहिलं तर बुबुळ दिसतच नव्हतं. सगळा डोळा आतून काळपट रक्तानं भरला होता.

फैज गाडी घेऊन आला. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर नागपूरला न्या म्हणून सांगितलं. रस्ताभर प्रणित डोळे मिटून मागच्या सीटवर पडून होता, बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून.

नागपूरच्या दवाखान्यात एक मध्यमवयीन डॉक्टरबाई होत्या. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवून डोळा पाहिला आणि विचारलं, "काय लागलं?"

"फांदी," प्रणित म्हणाला. "धावताना."

"छर्रा लागला," दुर्गा म्हणाली. "प्लास्टिकचा, खेळातल्या बंदुकीचा. रविवारी."

"रविवारी?" डॉक्टरबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "आणि आज घेऊन आलात? मधे काय केलं?"

दुर्गानं सांगितलं. थेंब, पट्टी, धावणं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्या तिला समजावून सांगू लागल्या, आणि तेच तिला जड गेलं. म्हणाल्या, असा मार लागला की आतली बारीक शीर फुटते. त्याच दिवशी आला असता तर औषध सुरू केलं असतं, डोकं उंच ठेवून नुसतं पडून राहायला सांगितलं असतं. बहुतेकदा एवढ्यानंच भागतं. धावल्यानं ती शीर पुन्हा फुटली, या वेळी जोरात. आतला दाब एवढा वाढला की मागची नस दबली. "आम्ही करू ते करू," त्या म्हणाल्या. "पण फार आशा मी देत नाही."

त्यांनी करायचं ते सगळं केलं. डोळा राहिला. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. त्यातून प्रणितला आता उजेड आहे की अंधार एवढं समजतं, आणि अगदी समोर हात हलवला तर सावलीसारखं काहीतरी.

मेडिकलला तो गेला. नको जाऊ म्हणून सगळे सांगत असताना गेला. बाहेर येऊन त्यानं दुर्गाला फोन केला आणि म्हणाला, "झालं. आता गावी जातो."

मुखरूभाऊंनी चौकातला फ्लेक्स स्वतः उतरवला. कोणाला बोलावलं नाही, कोणी मदतीला आलं त्याला हातानंच नको म्हटलं. दिवाळीच्या सुमाराला धान कापून झालं, पेंढ्यांचं पुंजणं रचलं आणि एक दिवस आभाळ भरून आलं, तेव्हा त्यांनी तोच फ्लेक्स आणून धानावर पसरला, छापलेली बाजू खाली करून. दुर्गा तेव्हा गावी होती. तिनं दोऱ्या ताणून धरल्या, त्यांनी गाठी मारल्या. मनकर्णाबाई तिला एकदाच बोलली. चुलीपाशी बसली होती, वर न पाहता म्हणाली, "तू त्याच्यासंग आहे म्हणून मले कवाच घोर नव्हता." त्यात राग नव्हता. दुर्गा उठून मागच्या अंगणात गेली.

लोक तिची समजूत घालायचे. गोळी तू थोडीच मारली, म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं. छर्ऱ्याचा तिला फारसा विचारही यायचा नाही. तिच्या कानात राहिला होता तो नाड्या बांधल्याचा आवाज. आयुष्यभर जिनं एवढ्या मोठ्यानं हाका मारल्या तिला त्या पहाटे "थांब" एवढंच म्हणायचं होतं, आणि ते तिच्या तोंडून निघालं नाही.

उर्वशीला खरं काय ते कॉलेजात दुसऱ्याच कोणाकडून कळलं. ती थेट दुर्गाच्या खोलीवर आली. दुर्गा सामान बांधत होती, शाळा सोडून गावी जायला. उर्वशी दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना.

"ताई, तुमी मले म्हटलं होतं, बरा आहे म्हणून."

"तुले त्रास नको म्हणून सांगतलं. तुझी काई चूक नाई त्यात, उर्वशी. तू नियमानंच खेळली. चूक माझी आहे. मी रेघेवर कोणाले पाहिलं नाई, त्याले आत बोलावलं."

"ते मले समजते." तिचा आवाज चढला नव्हता. "पण तुमी त्या दिवशी मले खरं सांगतलं असतं, तर मी ऐकली नसती. मी त्याले ओढत नेली असती दवाखान्यात. माह्या हातानं लागलं होतं ना? मंग मले तेवढं तरी करू द्याचं होतं. मी इकडे हासत होती, पुस्तकं वाचत होती, ताई. त्याच्या डोळ्यात रक्त भरून राह्यलं होतं अन् मी इकडे अभ्यास करत होती."

उर्वशी दारातूनच परत गेली. तिनं पुन्हा बंदूक हातात धरली नाही. प्रणितला ती एकदा गावी भेटून आली, सावलीमार्गे बसनं जाऊन. दोघं काय बोलले ते दोघांनीच ठेवलं. दुर्गाला मात्र तिनं नंतर कधी फोन केला नाही, आणि दुर्गानंही केला नाही. ती दुखावलेली आहे आणि तिचं बरोबर आहे, असं दुर्गा म्हणते.

गावी ती वर्षभर राहिली. रोवणी केली, निंदण केलं, आश्रमशाळेच्या मुलींना संध्याकाळी कबड्डी शिकवली. फैजनं मैदान बरेच महिने बंद ठेवलं होतं. मग त्यानं ते पुन्हा उघडलं आणि एका रविवारी तो मोटरसायकलनं सावलीमार्गे तिच्या गावी आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला, मुखरूभाऊंशी पावसापाण्याचं बोलला. मग दुर्गाकडे वळला.

"परत ये."

"नाई, फैज. माझ्यानं होणार नाई."

"मी नवीन पोरगा ठेवला पंच म्हणून. चांगला आहे, पण पोरं गॉगल वर करून पुसतात अन् तो पाहत राहते. परवा मी गेलो तर एक जण टोपडं न घालता बंदूक घेऊनच शेडमध्ये बसला होता. मी ओरडलो तर हसले सगळे." त्यानं मान खाली घातली. "मी त्या दिवशी तुझं ऐकाले नको होतं, दुर्गा. माझी गाडी होती, माझं मैदान होतं. उचलून न्याले पायजे होतं मी त्याले. मी पण झोपत नाई."

तेव्हा खोलीतून प्रणित बाहेर आला. इतका वेळ तो आत ऐकत बसला असावा. म्हणाला, "जा ना ताई. तिथं जे पोरं येतात, त्यायचे डोळे काई वाया घालवाचे नाईत."

ती गेली. आता दर रविवारी ती तिथे असते. फाटकापासून शेडपर्यंत फैजनं बारीक जाळीची भिंत उभारली आहे. पाहायला येणाऱ्यांना त्या भिंतीपलीकडे जाता येत नाही, आणि जाळीच्या अलीकडेही गॉगल लावावाच लागतो. शिट्टीच्या जोडीला तिनं एक मोठा भोंगा घेतला आहे, आणि रुळावर गाडी असेल तर ती जाईपर्यंत थांबते. प्रत्येकाला खेळाआधी ती एक गोष्ट सांगते. डोळ्याला काहीही लागलं, कितीही थोडं लागलं, दिसत असलं तरी, त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर. घरचे काय म्हणतील, परीक्षा आहे, भरती आहे, यातलं काहीही ऐकलं जाणार नाही. का ते ती सांगत नाही. जुन्या पोरांना माहीत आहे, नव्यांना ते कधीतरी सांगतात. मुलं तिला मानतात, पण पूर्वीसारखी तिच्याभोवती जमत नाहीत. पूर्वी डाव रंगला की ती बाहेरून ओरडायची, हसायची. आता तिचं लक्ष सारखं फाटकाकडे असतं.

प्रणितनं वडशाच्या एका नाटक मंडळीत काम धरलं आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटकं होतात, त्यात तो माईक आणि स्पीकर सांभाळतो. त्याला ते काम जमलं आहे आणि आवडतंही, असं तो सांगतो. खरं किती ते दुर्गाला कळत नाही. पोलीस भरतीची पोरं रस्त्यानं धावताना दिसली तर तो बोलता बोलता थांबतो, एवढं तिनं पाहिलं आहे.

गेल्या मंडईला त्याची मंडळी त्यांच्याच गावी आली. दुपारी मंडप बांधणं चालू असताना दुर्गा त्याच्यासाठी जेवण घेऊन गेली. तो बांबूच्या शिडीवर उभा होता, खांबाला स्पीकर बांधत. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज नीट येत नाही. वरून लोंबणारी दोरी धरायला त्यानं हात केला तो हवेतच मिटला. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा दोरी सापडली. खाली उभ्या असलेल्या माणसांचं तिकडे लक्षही नव्हतं. त्यांना ते सवयीचं झालं होतं.

दुर्गानं डबा खाली ठेवला आणि जाऊन दोन्ही हातांनी शिडी धरली.

"कोण आहे?" त्यानं वरून विचारलं.

"मी आहे."

"पक्की आहे ना वं शिडी, ताई. काऊन धरून राह्यली? जा, सावलीत बस."

"बांध तू," ती म्हणाली.

तो बांधत राहिला. ऊन डोक्यावर होतं. स्पीकर बांधून, तार ओढून तो खाली उतरला, हात झटकले आणि जेवण कुठे आहे म्हणून विचारलं. तिनं डब्याकडे बोट केलं. तो जेवायला बसला आणि ती तिथेच, रिकाम्या शिडीशी, थोडा वेळ उभी राहिली.